कॅमेऱ्याची उंची

माहितीपट म्हणजे खरी माणसे, खरी ठिकाणे आणि घडलेल्या किंवा घडत असलेल्या गोष्टी घेऊन केलेला चित्रपट, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या काळात त्याला अनुबोधपट असेही म्हटले जाई, आणि चित्रपटगृहात मुख्य खेळाआधी तो दाखवण्याची प्रथा असल्यामुळे जुन्या पिढीतल्या प्रेक्षकांना तो चांगलाच परिचयाचा आहे. कथापटातला अपंग माणूस खलनायक म्हणून आला, हशा पिकवण्यासाठी आला किंवा शेवटच्या रिळात त्याला अचानक दृष्टी परत मिळाली, तर हे सारे रचलेले आहे याची जाणीव प्रेक्षकाच्या मनात कुठेतरी शाबूत असते. माहितीपटापुढे बसलेल्या प्रेक्षकाजवळ ही ढाल नसते. पडद्यावरचा माणूस खरा आहे, त्याचे घर खरे आहे, त्याचे रडणेही खरे आहे, तेव्हा त्याच्याविषयी चित्रपट जे सुचवतो तेही खरेच असणार, असे तो नकळत धरून चालतो. अपंगत्वाच्या चित्रणाचा विचार करताना माहितीपटाचा वेगळा विचार करावा लागतो तो या विश्वासामुळे.

या विश्वासाचा किती भीषण उपयोग होऊ शकतो हे गेल्या शतकाने पाहिले आहे. १९३३ साली जर्मनीत नाझी राजवट आली आणि त्याच वर्षी आनुवंशिक समजल्या जाणाऱ्या आजारांच्या लोकांची सक्तीने नसबंदी करण्याचा कायदा झाला. या धोरणाला लोकांची संमती मिळवण्याचे काम ज्या साधनांकडे सोपवले गेले त्यांत माहितीपट होते. १९३७ साली ‘भूतकाळाचे बळी’ अशा अर्थाच्या नावाचा एक माहितीपट सरकारी हुकमावरून देशभरच्या चित्रपटगृहांत दाखवण्यात आला. मनोरुग्णालयांत आणि आश्रयगृहांत राहणाऱ्या माणसांचे चेहरे भेसूर दिसतील अशा बेताने त्यांच्यावर प्रकाश टाकायचा, त्यांच्या दृश्यांशेजारी धष्टपुष्ट तरुणांची दृश्ये ठेवायची आणि या ‘निरुपयोगी’ माणसांवर राष्ट्राचा किती पैसा खर्च होतो हे निवेदकाने अधूनमधून ऐकवायचे, अशी त्याची रीत होती. पुढे १९४० आणि १९४१ या वर्षांत ‘टी-४’ नावाच्या मोहिमेत सत्तर हजारांहून अधिक अपंग आणि मनोरुग्ण माणसे विषारी वायूने मारली गेली. त्या चित्रपटातली माणसे खरी होती, इमारती खऱ्या होत्या, कॅमेऱ्यासमोर आलेला क्षणही खराच होता. खोटेपणा होता तो प्रकाशयोजनेत, कोनात, संकलनात आणि निवेदनात, म्हणजे माहितीपट ज्या कौशल्यांनी घडतो त्या सगळ्यांत.

अशा द्वेषाच्या चित्रणाची जागा पुढे दयेने घेतली, आणि दयेची जागा अलीकडे कौतुकाने घेतली आहे. हा बदल स्वागतार्ह वाटला तरी द्वेष, दया आणि कौतुक या तिन्हींत एक गोष्ट समान असते, ती ही की पाहणारा एका बाजूला आणि अपंग माणूस दुसऱ्या बाजूला असतो, आणि मधले अंतर चित्रपट संपेपर्यंत तसेच राहते. म्हणून चित्रपटाने प्रेक्षकाच्या मनात कोणती भावना जागवली यावरून त्याची पारख करणे फसवे ठरते. कॅमेरा कोठे उभा आहे, तो कोणाच्या हातात आहे आणि तो कोणाला उद्देशून बोलतो आहे, हे प्रश्न अधिक खोल जातात.

हे प्रश्न ज्या विचारातून आले तो थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. अपंगत्वाकडे पाहण्याच्या तीन दृष्टी अभ्यासक सांगतात. धर्मादाय दृष्टीला अपंग माणूस हा दानाचा धनी वाटतो. वैद्यकीय दृष्टीला तो दुरुस्त करायचे शरीर वाटतो. आणि तिसरी, सामाजिक दृष्टी शरीरातील उणीव आणि अपंगत्व या दोन वेगळ्या गोष्टी मानते. पाय चालत नाहीत ही उणीव. कचेरीला केवळ जिना आहे, उतार नाही, त्यामुळे त्या माणसाला आत जाता येत नाही, हे अपंगत्व, आणि ते समाजाने निर्माण केलेले असते. ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने १९७६ साली हा भेद स्पष्ट शब्दांत मांडला आणि पुढे जगभरच्या चळवळींनी तो उचलला. कायद्यातली अपंगत्वाची व्याख्याही रुंदावत गेली: भारताच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के नोंदली गेली, ती जुन्या, अरुंद व्याख्यांच्या आधारे. मराठीत अपंग, विकलांग आणि अलीकडे दिव्यांग असे शब्द चालतात. यांपैकी शेवटचा शब्द सरकारी व्यवहारात रूढ झाला असला, तरी अंगी दिव्यत्व चिकटवण्यापेक्षा हक्क द्यावेत, असे म्हणणारे अनेक कार्यकर्ते ‘अपंग’ हाच शब्द पसंत करतात, आणि या लेखातही तोच वापरला आहे.

दयेच्या वाटेने जाऊ शकला असता पण गेला नाही असा एक चित्रपट इराणमध्ये १९६२ साली झाला. कवयित्री फरूग फरोखजाद हिने तब्रीझ शहराजवळच्या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत बारा दिवस चित्रीकरण करून ‘खाना सियाह अस्त’, म्हणजे ‘घर काळे आहे’, हा बावीस मिनिटांचा माहितीपट केला. कुष्ठरुग्णांना साहाय्य करणाऱ्या एका संस्थेसाठी केलेल्या या चित्रपटाकडून खरे तर मदतीच्या आवाहनाची अपेक्षा असणार. सुरुवातीलाच एक स्त्री आरशात स्वतःचा विद्रूप झालेला चेहरा न्याहाळताना दिसते आणि कॅमेरा हळूहळू तिच्या जवळ सरकतो. तिच्याकडे पाहणारे पहिले डोळे तिचे स्वतःचे आहेत, आणि प्रेक्षक तिच्या पाठीमागून, जणू तिची परवानगी घेऊन पाहतो, ही या दृश्याची किमया आहे.

या चित्रपटात दोन आवाज आहेत. एक पुरुषी आवाज कुष्ठरोगाची वैद्यकीय माहिती कोरडेपणाने सांगतो, हा रोग बरा होण्यासारखा आहे हे बजावतो. दुसरा आवाज स्वतः फरूगचा, आणि तो धर्मग्रंथांतील वचने आणि स्वतःच्या कवितेच्या ओळी यांची वीण घालत जातो. पहिला आवाज शरीराबद्दल बोलतो, दुसरा त्या शरीरात राहणाऱ्या माणसाबद्दल. शाळेच्या एका प्रसंगात शिक्षक मुलांना सुंदर गोष्टींची नावे विचारतो आणि एक मुलगा चंद्र, सूर्य, फूल अशी नावे घेतो. मग दुसऱ्याला कुरूप गोष्टींची नावे विचारली जातात, तेव्हा तो हात, पाय, डोके असे सांगतो आणि सारा वर्ग हसू लागतो. या हसण्याने प्रेक्षकाची तयार ठेवलेली दया निकामी होते, कारण ज्यांच्यासाठी ती राखून ठेवली होती ती मुले आपल्या शरीराकडे पाहून मोकळेपणाने हसत असतात. लग्न, खेळ, केस विंचरणे, औषधासाठी रांग, प्रार्थना, असे वसाहतीतले सगळे रोजचे जगणे चित्रपटात येते. चित्रीकरण संपल्यावर फरूगने त्या वसाहतीतल्या एका मुलाला दत्तक घेतले. आपल्याकडे कुष्ठरुग्णांसाठी बाबा आमटे यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करून वरोऱ्याजवळ आनंदवन उभारले आणि भिक्षेऐवजी काम हा तेथील जगण्याचा पाया केला. त्यामुळे कुष्ठरोग्याकडे दयेपलीकडे जाऊन पाहणे म्हणजे काय हे महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. ‘घर काळे आहे’ हा चित्रपट मराठी प्रेक्षकाने अवश्य मिळवून पाहावा असा आहे.

त्यानंतर दहा वर्षांनी, १९७२ साली सत्यजित राय यांनी ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. त्याचा विषय होता शांतिनिकेतनातील चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी, ज्यांच्यापाशी राय स्वतः कलाभवनात शिकले होते. विनोदबिहारींची नजर जन्मतःच अधू होती, एका डोळ्याने जवळजवळ दिसत नव्हते. तरीही त्यांनी हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचे विशाल भित्तिचित्र रंगवले. पन्नाशी ओलांडल्यावर, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यांचे काम मात्र थांबले नाही. मेणाची शिल्पे, कागद दुमडून आणि कापून केलेली चित्रे, आणि कलाभवनाच्या भिंतीसाठी सिरॅमिक फरशांचे मोठे भित्तिशिल्प हे सारे त्यानंतरचे.

अंध चित्रकार ही कल्पनाच इतकी आश्चर्यकारक आहे की एखाद्या सामान्य दिग्दर्शकाने त्या आश्चर्यावरच सगळा चित्रपट उभा केला असता. राय तसे करत नाहीत. विनोदबिहारींच्या चित्रांचा विकास, त्यांची जपानी चित्रकलेशी ओळख, रेषेवरचा त्यांचा ताबा, रचनेतील बदल हे सारे ते एखाद्या समीक्षकाच्या शिस्तीने उलगडत नेतात, आणि आंधळेपण येते ते त्या कलाजीवनातली एक घटना म्हणून, मोठी खरी, पण सर्वस्व नव्हे. कॅमेरा त्यांच्या काळ्या चष्म्यापेक्षा त्यांच्या हातांकडे अधिक पाहतो, कागदाची घडी कोठे येते हे चाचपणाऱ्या बोटांकडे पाहतो. शेवटी स्वतः विनोदबिहारींचे मत येते, आणि ते आंधळेपणाला जगण्याची एक नवी अवस्था, एक नवा अनुभव मानतात. एका शिष्याने गुरूबद्दल केलेला हा चित्रपट असल्यामुळे पाहणारा वरच्या पायरीवर आणि अपंग माणूस खालच्या पायरीवर अशी नेहमीची मांडणी येथे मुळातच शक्य नव्हती, आणि हे त्याच्या यशाचे एक खरे कारण आहे.

सगळ्याच दिग्दर्शकांचे नाते इतके सरळ नसते. अमेरिकेतील फ्रेडरिक वाइजमन यांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रिजवॉटर येथील गुन्हेगार मनोरुग्णांच्या रुग्णालयात चित्रीकरण करून १९६७ साली ‘टिटिकट फॉलीज’ हा माहितीपट केला. त्यात निवेदन नाही, मुलाखती नाहीत. नागव्या अवस्थेत कोठडीत ठेवलेली माणसे आणि त्यांना डिवचणारे पहारेकरी आहेत. राज्य सरकारने रुग्णांच्या खासगीपणाचा भंग झाला असे म्हणून न्यायालयात धाव घेतली आणि १९९१ पर्यंत हा चित्रपट सर्वसामान्य प्रेक्षकांना दाखवण्यास बंदी राहिली. एकीकडे, ज्या राज्याने त्या माणसांची लाज राखली नाही त्यानेच त्यांच्या लाजेची ढाल करून स्वतःचे वाभाडे निघू दिले नाहीत, ही टीका रास्त आहे. दुसरीकडे, ज्या माणसाला आपले चित्रण कशासाठी होते आहे हे उमजण्याची परिस्थितीच नाही, त्याने दिलेल्या होकाराला संमती म्हणावे काय, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. वाइजमन यांच्या चित्रपटाने त्या रुग्णालयाचे वास्तव जगापुढे आणले म्हणून हा प्रश्न सुटत नाही.

जर्मन दिग्दर्शक वेर्नर हेर्झोग यांच्या १९७१ सालच्या ‘मौन आणि अंधाराचा प्रदेश’ या माहितीपटात दुसऱ्या प्रकारची अडचण आहे. त्याच्या केंद्रस्थानी असलेली फिनी श्ट्राउबिंगर ही बाई तरुण वयातच दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावून बसली होती आणि पुढे इतर बहिऱ्या-अंध माणसांना भेटत, त्यांना एकटेपणातून बाहेर काढत हिंडत होती. या मंडळींचे संभाषण तळहातावर चालते. बोटांच्या स्पर्शाने, ठरलेल्या जागी ठरलेली अक्षरे उमटवणारी लोर्म लिपी त्यासाठी वापरली जाते. एकमेकांच्या तळहातावर धावणारी बोटे हेर्झोग यांनी इतक्या सहवेदनेने टिपली आहेत की हा चित्रपट विसरता येत नाही. पण आरंभी फिनीच्या तोंडी हवेत झेपावणाऱ्या स्की खेळाडूंची एक आठवण घातली आहे, आणि ती आपण लिहिली, ती तिची नव्हे, हे हेर्झोग यांनी पुढे स्वतः सांगितले. अधिक खोल सत्यासाठी तपशील रचावा लागतो, अशी त्यांची भूमिका. ती कलावंताची भूमिका म्हणून मान्य केली तरी एक गोष्ट खटकते: ज्या माणसांचे म्हणणे जगापर्यंत पोचण्याला आधीच इतके अडथळे आहेत, त्यांच्या मुखी दुसऱ्याचे शब्द घालण्याची मोकळीक इतरांपेक्षा कमी हवी, अधिक नव्हे.

कौतुकाची अडचण ओळखायला याहून कठीण आहे, कारण ती आनंद देते. हात नसताना पायाने लिहिणारा विद्यार्थी, एका पायावर डोंगर चढणारा तरुण, कुबड्यांवर नाचणारी मुलगी अशा लघुपटांचे आज पेव फुटले आहे आणि ‘यांना जमते, मग तुम्हाला का नाही’ हे त्यांचे धृपद असते. ऑस्ट्रेलियातील पत्रकार आणि विनोदकार स्टेला यंग, जी स्वतः व्हीलचेअर वापरत असे, तिने याला ‘इन्स्पिरेशन पॉर्न’ असे बोचरे नाव दिले. अपंगांच्या शरीराचा वापर करून धडधाकट माणसांना बरे वाटायला लावणे, असा तिचा आरोप होता. जिन्याकडे पाहून कितीही सकारात्मक हसले तरी जिन्याचा उतार होत नाही, अशा आशयाचे तिचे म्हणणे होते. १९७६ चा सामाजिक विचार एका वाक्यात सामान्य माणसाला समजावणारे याहून नेमके बोलणे सापडणे अवघड आहे. जिद्दीच्या कथेत जिना अदृश्य होतो. तो कोणी बांधला आणि उतार का बांधला नाही, हे विचारण्याची गरजच उरत नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही या विषयात लक्ष घातले आहे. ‘आँख मिचोली’ या हिंदी चित्रपटातील अपंग पात्रांच्या चित्रणाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी केलेल्या याचिकेवर ८ जुलै २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला आणि दृश्य माध्यमांसाठी काही मार्गदर्शक सूत्रे घालून दिली. हिणवणारे शब्द टाळावेत, ‘पीडित’, ‘बळी’ यांसारखी भाषा समाजाने उभे केलेले अडथळे झाकते म्हणून तीही टाळावी, अपंगांना हास्यास्पद करू नये आणि त्यांना अतिमानवही करू नये, निर्मितीत त्यांचा सहभाग असावा, ही त्यांतली मुख्य सूत्रे. अपंग माणूस स्वतःच्या अनुभवातून करतो तो विनोद आणि अपंगाला उद्देशून केलेली टवाळी यांत न्यायालयाने केलेला फरक विशेष मोलाचा आहे. ‘आंधळं दळतंय’ किंवा ‘आंधळा मागतो एक डोळा’ यांसारख्या म्हणी ज्या भाषेत सहज येतात, त्या भाषेतील निवेदनलेखकांनी तरी हा निकाल समोर ठेवून लिहायला हवे.

अपंगांच्या स्वतःच्या विनोदाचे सामर्थ्य किती असते याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०२० चा ‘क्रिप कॅम्प’. निकोल न्यूनहॅम आणि जिम लेब्रेक्ट यांनी तो दिग्दर्शित केला. यांपैकी लेब्रेक्ट जन्मापासून अपंग असून चित्रपटांचे ध्वनिसंयोजक म्हणून नावाजलेले आहेत. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरांत ‘कॅम्प जेनेड’ नावाचे अपंग मुलांचे उन्हाळी शिबिर भरत असे आणि पौगंडावस्थेतले लेब्रेक्ट तेथे गेले होते. १९७१ च्या उन्हाळ्यात एका व्हिडिओ गटाने त्या शिबिराचे चित्रीकरण केले होते. जवळजवळ पन्नास वर्षांनी सापडलेल्या त्या कृष्णधवल फितींवर चित्रपटाचा पहिला भाग उभा आहे. मुले बेसबॉल खेळतात, सिगारेट ओढतात, प्रेमात पडतात, शिबिरात उवांसारख्या किड्यांची साथ आल्यावर पोट धरून हसतात. एका टेबलाभोवती बसून ती आईवडिलांच्या अतिकाळजीविषयी बोलत असताना एक मुलगी बोलू लागते. तिचे उच्चार कळायला अवघड आहेत, पण कोणी घाई करत नाही, कोणी तिचे वाक्य पुरे करत नाही, सगळे ऐकतात, आणि तिचा मुद्दा निघतो तो एकांताच्या हक्काचा. एवढ्या साध्या दृश्यात नागरिकत्वाचे जे शिक्षण आहे ते अनेक भाषणांत नसते.

चित्रपटाचा दुसरा भाग दाखवतो की हीच मुले मोठी होऊन चळवळीत उतरली. अमेरिकेच्या १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांना अपंगांशी भेदभाव करण्यास मनाई करत होते, परंतु ते अमलात आणणारे नियम चार वर्षे रेंगाळले होते. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभराहून अधिक अपंग कार्यकर्त्यांनी ठाण मांडले आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ ती सोडली नाही. त्यांचे नेतृत्व करणाऱ्या ज्युडी ह्यूमन या कॅम्प जेनेडच्याच. दूरध्वनी तोडले गेले तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीतून खूणभाषेने बाहेर निरोप दिले. कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर पक्षाने रोज जेवण पोचवले. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. विविधता हा शब्द आज कंपन्यांच्या अहवालांत शोभेला ठेवला जातो. एका वंचित गटाने दुसऱ्याला डबा नेऊन देणे हा त्याचा खरा अर्थ ‘क्रिप कॅम्प’मध्ये दिसतो. चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले, पण त्याचे खरे यश हे की त्यात अपंग माणसे प्रेक्षकासाठी काहीही सिद्ध करत नाहीत. ती आपसात बोलतात आणि प्रेक्षकाला ऐकू देतात.

रीड डेव्हनपोर्ट यांनी २०२२ च्या ‘आय डिडन्ट सी यू देअर’ या माहितीपटात त्यापुढचे पाऊल टाकले. डेव्हनपोर्ट यांना सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे स्नायूंच्या हालचालींवर ताबा न राहण्याची अवस्था आहे. बहुतेक चित्रीकरण त्यांनी ओकलंड शहरात हिंडताना आपल्या व्हीलचेअरवरून केले आणि स्वतः ते पडद्यावर जवळजवळ येत नाहीत. प्रेक्षक त्यांच्याकडे पाहू शकत नाही. त्यांच्या जागेवरून पाहतो. फुटपाथचे पोत, भिंतींचे रंग, वेगाने मागे सरकणारी सावली यांत एक अनपेक्षित सौंदर्य आहे, आणि मधेच उताराच्या तोंडाशी कोणी आडवी ठेवलेली वस्तू आली की चाक थांबते आणि दृश्यही थांबते. घरासमोर सर्कशीचा तंबू उभा राहतो तेव्हा डेव्हनपोर्ट यांना पी. टी. बार्नम आठवतो, वेगळ्या शरीराच्या माणसांचे तिकीट लावून प्रदर्शन मांडणारा हा व्यावसायिक त्यांच्याच बेथेल गावात जन्मला होता. त्या प्रदर्शनाचा वारसा माहितीपटाच्या कॅमेऱ्यात किती उतरला आहे, हा प्रश्न चित्रपट न बोलता विचारतो. उभ्या माणसाच्या खांद्यावरचा कॅमेरा व्हीलचेअरवरच्या माणसाकडे नेहमी खाली पाहतो. तो खुर्चीच्या उंचीवर आला की सगळे शहर वेगळे दिसू लागते.

अनुभव आतून मांडायचा तर चित्रपटाची भाषाच बदलावी लागते, हे ‘नोट्स ऑन ब्लाइंडनेस’ या २०१६ च्या ब्रिटिश माहितीपटानेही दाखवले. बर्मिंगहॅमचे धर्मशास्त्राचे प्राध्यापक जॉन हल यांची उरलीसुरली दृष्टी १९८३ मध्ये गेली आणि त्यांनी कॅसेटवर बोलकी दैनंदिनी ठेवायला सुरुवात केली. पीटर मिडलटन आणि जेम्स स्पिनी यांनी त्या मूळ ध्वनिफिती तशाच ठेवल्या आणि नटांना त्यांवर ओठ हलवायला लावले. पावसाच्या आवाजाने अंगण, पायवाट, कुंपण यांना आकार येतो, आणि तसा पाऊस खोलीत पडला तर खोलीही दिसेल, ही हल यांची कल्पना चित्रपट अक्षरशः साकारतो; स्वयंपाकघरात, टेबलावर, भांड्यांवर पाऊस पडू लागतो.

विविधतेचा विचार अपंगत्वापाशी येऊन थांबत नाही, तो अपंगत्वाच्या आतही करावा लागतो. ‘साउंड अँड फ्युरी’ या २००० सालच्या अमेरिकी माहितीपटात एकाच घरातले दोन भाऊ, एक ऐकू येणारा आणि एक बहिरा, आपापल्या बहिऱ्या मुलांच्या कानात कॉक्लिअर रोपण, म्हणजे ऐकू येण्यासाठी बसवायचे यंत्र, करावे की नाही यावर भांडतात. बहिरा बाप म्हणतो की आपल्याला खूणभाषा आहे, समाज आहे, संस्कृती आहे. मुलीचे काही बिघडलेलेच नाही तर दुरुस्ती कसली? मातृभाषेतील शाळा ओस पडताना पाहणाऱ्या मराठी माणसाला या वादातली वेदना परकी वाटणार नाही. तसाच ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द १९९० च्या दशकात स्वमग्न लोकांच्या चळवळीतून पुढे आला. मेंदूची घडण माणसागणिक वेगवेगळी असते आणि प्रत्येक वेगळेपण आजार नसतो, असा त्याचा अर्थ. जेरी रॉथवेल यांचा ‘द रीझन आय जंप’ हा २०२० चा चित्रपट नॉएडापासून सिएरा लिओनपर्यंतच्या स्वमग्न मुला-मुलींकडे नेतो आणि त्यांना आवाज, उजेड, पाणी कसे जाणवते ते ध्वनी आणि प्रतिमांतून सुचवतो; सिएरा लिओनमधील आईवडिलांना शेजाऱ्यांच्या भूतबाधेच्या समजुतीशी झगडावे लागते, हेही त्यात येते.

भारतीय माहितीपटांत या दिशेने झालेले काम संख्येने थोडे, पण कसदार आहे. इयन मॅकडोनल्ड यांचा ‘अल्गोरिदम्स’ हा २०१२ चा कृष्णधवल माहितीपट तीन अंध मुलांच्या बुद्धिबळाचा तीन वर्षे मागोवा घेतो, आणि त्यांचे मार्गदर्शक आहेत मुंबईचे चारुदत्त जाधव, स्वतः अंध असलेले बुद्धिबळपटू आणि संघटक. अंधांच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, सोंगट्या भोकांत खोचलेल्या असतात, एका रंगाच्या सोंगट्यांच्या डोक्यावर टाचणीसारखी खूण असते आणि खेळाडू आपली चाल मोठ्याने सांगतो. पटावरून फिरणारी बोटे पाहताना विचार दिसतो, असेच म्हणावेसे वाटते. हारजीत येते, चिडचिड येते, वडिलांच्या महत्त्वाकांक्षा येतात; अंधत्व खेळाच्या नियमांइतकेच गृहीत धरलेले आहे. त्यांतला दर्पण इनानी याने पुढे २०२३ च्या हांगझू पॅरा आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. अपर्णा सान्याल यांचा ‘अ ड्रॉप ऑफ सनशाइन’ पुण्याच्या रेश्मा वल्लीअप्पन यांचा स्किझोफ्रेनियासह जगण्याचा मार्ग दाखवतो आणि रुग्णाला स्वतःच्या उपचारांत मत असावे हा मुद्दा धीटपणे मांडतो. श्वेता घोष यांनी २०१३ च्या ‘अ‍ॅक्सेक्स’मध्ये अपंग स्त्रियांना सौंदर्य, इच्छा आणि देह यांविषयी बोलते केले, जे आपल्या समाजात धडधाकट स्त्रीलाही सहज बोलू दिले जात नाही, आणि २०२१ च्या ‘वी मेक फिल्म’मध्ये त्या कॅमेरा हाती घेणाऱ्या अपंग व्यक्तींकडेच वळल्या.

तरीही या यादीत बहुतेक माणसे शहरांतली आहेत, इंग्रजी किंवा हिंदी बोलणारी आहेत. उसाच्या फडात हात गमावलेला कामगार, वाडीवरून तालुक्याच्या गावी प्रमाणपत्रासाठी पुन्हा पुन्हा खेटे घालणारी बहिरी मुलगी, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ मुलाची म्हातारी आई, यांच्यापर्यंत मराठी माहितीपट क्वचितच गेला आहे, आणि गेला तेव्हा बहुधा एखाद्या संस्थेच्या कार्याचा परिचय करून देण्यासाठी गेला, जेथे माणूस लाभार्थी म्हणून येतो आणि आभार मानून निघून जातो. मोबाइलने चित्रीकरण स्वस्त केले आहे. अपंग तरुणांना संकलन आणि ध्वनीचे शिक्षण देणारी एखादी कार्यशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी भरली, तर हे चित्र बदलायला वेळ लागणार नाही.

शेवटचा प्रश्न प्रेक्षागृहाचा आहे. अंध प्रेक्षकासाठी संवादांच्या मधल्या जागेत दृश्याचे वर्णन ऐकवणे याला ध्वनिवर्णन म्हणतात. बहिऱ्या प्रेक्षकासाठी संवादांबरोबर दाराची कडी, पावसाची सर, संगीताचा बदल हेही लिहून दाखवणारी उपशीर्षके लागतात. ‘नोट्स ऑन ब्लाइंडनेस’च्या निर्मात्यांनी अंध प्रेक्षकांसाठी वेगळे ध्वनिपट तयार केले होते. भारताच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये अशा सोयींची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, ती चित्रपटगृहांतील कथापटांसाठी. माहितीपट तर महाविद्यालयाच्या सभागृहात, फिल्म सोसायटीच्या खेळात, ग्रंथालयाच्या माडीवर दाखवला जातो, आणि तेथे ना उपशीर्षके असतात ना उतार. महाराष्ट्रातील आणि गोव्यातील फिल्म सोसायट्यांनी, महाविद्यालयांनी आणि ग्रंथालयांनी अपंगांवरचा पुढचा माहितीपट लावण्यापूर्वी तो खेळ तळमजल्यावर ठेवावा, मराठी उपशीर्षके मागवावीत, खूणभाषेचा दुभाषी बोलवावा, आणि आपल्या गावातील अपंग मंडळींना पहिल्या रांगेचे निमंत्रण द्यावे.